बंड्या शांत का बसला? नारकंड्याच्या बर्फातलं एक प्रकरण

मागच्या जानेवारीत आम्ही तिघं आणि आमची दोन कुत्री पुण्याहून गाडीने हिमाचलातल्या नारकंड्याला गेलो, पाच रात्री राहिलो आणि पाचही जण धडधाकट परत आलो. पण त्यातल्या एका दुपारी आमचा बंड्या आमच्या डोळ्यांदेखत, चार हातांवर बसून गारठत गेला आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या कुत्रीच्या शेपटीकडे बघत होतो. लेकीला वहीत वेळा टिपून ठेवायची सवय आहे, म्हणून आज हे नीट क्रमाने सांगता येतंय. तिच्या वहीतल्या दोन शब्दांमुळेच खरं तर हे लिहायला घेतलं. ते पुढे येतील.

गोदा आणि बंड्या

गोदा लॅब्रॅडोर, वय आठ, वजन 31 किलो. बंड्या गावठी, वय चार, वजन 17 किलो. सिंहगड रोडवरच्या एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सापडलेला. घरात दोघांची प्रतिमा ठरलेली. गोदा म्हणजे म्हातारी, नाजूक, जपायची. बंड्या म्हणजे काटक, काहीही पचवणारा, पावसात भिजून आला तरी शिंकही न येणारा.

तयारीही या प्रतिमेनुसारच झाली. गोदाची रक्ततपासणी झाली, हृदय तपासून झालं, मागच्या पायांचे एक्स-रे काढले. बंड्याची फक्त लसीची वही बघितली. डॉक्टरांना मी विचारलेले प्रश्न आठवते तेव्हा लाज वाटते, कारण त्यांतला एकही बंड्याविषयी नव्हता. गोदासाठी आतून लोकरी अस्तर असलेलं महागाचं वॉटरप्रूफ जॅकेट आणलं. बंड्यासाठी तुळशीबागेतून लहान मुलाचं सुती हुडी आणून बाह्या कापल्या. फोटोत झकास दिसत होता.

आता अंगावरच्या केसांचा हिशेब बघा. लॅब्रॅडोरचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचं, कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात उतरून काम करणाऱ्या कुत्र्यांचं. तिला दोन थर असतात: वरचे राठ, किंचित तेलकट केस पाणी आत जाऊ देत नाहीत आणि खालची दाट मऊ लव हवा धरून ठेवते. शिवाय गोदाच्या अंगावर आठ वर्षांच्या चपात्यांची चरबी. बंड्याचे केस आखूड आणि विरळ, खालची लव जवळजवळ नाहीच, कान मोठे, पोट खपाटीला. आपल्याकडच्या उन्हात अंगातली उष्णता पटकन बाहेर टाकायला हे शरीर उत्तम. त्यात लहान शरीराला वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ते लवकर निवतं. म्हणजे त्या घरातलं थंडीला नाजूक जनावर बंड्या होता, आणि जॅकेट गोदाच्या अंगावर होतं.

जाणं

रेल्वेचा विचार आधी केला होता. कुत्रा सोबत डब्यात न्यायचा तर फर्स्ट एसीतच, तेही दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थची केबिन सगळी आपल्या नावावर असेल तर. ते मिळणार की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि नाही मिळालं तर उरतो गार्डाच्या डब्यातला डॉग बॉक्स. दोन कुत्री घेऊन स्टेशनवर तो जुगार खेळायची नवऱ्याची तयारी नव्हती. मग गाडी. इंदूर, जयपूर, चंदीगडच्या अलीकडे एक, असे तीन मुक्काम. उत्तरेकडच्या मैदानात जानेवारीत सकाळी दाट धुकं, त्यामुळे दहाच्या आत हायवेला लागायचं नाही हे ठरलेलं. हॉटेलांबद्दल एवढंच सांगते की फोनवर ‘डॉग चालेल’ म्हणणारा माणूस आणि काउंटरवरचा माणूस कधीच एक नसतो.

शिमल्याच्या पुढे ठियोगजवळ गाडीत एक गंमत चालली होती. हीटर लावला की गोदा जीभ काढून धापा टाकायची आणि खिडकीला नाक लावायची. काच खाली केली की बंड्या सीटखालच्या घोंगडीत शिरायचा. लेक म्हणाली, ‘‘आई, दोघांना वेगवेगळी गाडी पाहिजे.’’ आम्ही हसलो. उत्तर समोर मांडून ठेवलं होतं, वाचलं नाही.

नारकंडा शिमल्यापासून साठेक किलोमीटर पुढे, जुन्या हिंदुस्तान-तिबेट रस्त्यावर, उंची सुमारे 2,700 मीटर. ही उंची ठणठणीत कुत्र्याला सहसा त्रास देत नाही, आणि गोदाचं हृदय तपासलेलं होतं. खालच्या अंगाला कोटगड आणि ठाणेदारच्या सफरचंदांच्या बागा. 1904 साली हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकनाने पुढे इथे लाल सफरचंदाची कलमं लावली आणि या डोंगराचं अर्थकारणच बदललं. मार्केट यार्डात श्रावण-भाद्रपदात येणाऱ्या हिमाचली पेट्यांचं मूळ हेच. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तासांची थंडी मिळाली नाही तर फुलोरा नीट धरत नाही. म्हणून आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या अम्मा बर्फ पडायला लागला की हात जोडायच्या. आम्ही मोबाइल काढायचो.

अम्मांचा स्वतःचा कुत्रा होता, काळा, मानेवर आयाळीसारखे केस. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. कारण बिबट्या. इथे त्याला बाघच म्हणतात. तो कुत्र्याची मान धरतो, म्हणून मानेला काटे. नवऱ्याचं आजोळ जुन्नरकडचं, त्यामुळे त्याला हे सांगावं लागलं नाही. उसातला असो की देवदारातला, बिबट्या वस्तीत शिरला की पहिला नंबर कुत्र्याचा, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. अंधार पडल्यावर दोघांना बाहेर न्यायचं ते पट्टा हातात धरून, अंगणातल्या दिव्याच्या उजेडात, दोन मिनिटांत. हा नियम आम्ही पाचही रात्री पाळला. बिबट्याची भीती आम्हाला कळत होती. ओल्या कपड्याची नव्हती.

शेपटीचं प्रकरण

दुसऱ्या दिवशी आम्ही तानी जुब्बडच्या तळ्यावर गेलो. छोटंसं तळं, काठाला नागदेवतेचं मंदिर, कडेला बर्फाची पातळ साय. पाणी दिसल्यावर लॅब्रॅडोर काय करतो हे लॅब्रॅडोरवाल्यांना सांगायला नको. पट्टा हातातून सुटला आणि गोदा साय मोडून आत. पाच-सात मिनिटं पोहली, हाका मारमारून घसा बसल्यावर बाहेर आली, सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवून खूश. पुसलं, गाडीत घातलं. तिला काही झालं नाही. (साय जाड असती आणि ती खाली अडकली असती तर हे लिहिणं वेगळंच झालं असतं. गोठलेल्या पाण्याजवळ पट्टा मनगटाला गुंडाळूनच धरायचा.)

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाची शेपटी पडली होती. मुळापासून तीन-चार इंच आडवी, आणि तिथून पुढे मोडल्यासारखी लोंबती. हलवेना. बसताना एका कुशीवर कलायची, हात लावला की कुंई करायची. लेक रडायलाच लागली. मला वाटलं मणका गेला.

पुण्यातल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी शेपटी बघितली, ‘‘काल पाण्यात गेली होती का?’’ विचारलं आणि चक्क हसले. याला लिंबर टेल म्हणतात, कुणी कोल्ड टेलही म्हणतात. गार पाण्यात जोरात पोहल्यावर शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात. लॅब्रॅडोरसारख्या पोहणाऱ्या, शिकारी जातींत बरंच दिसतं. विश्रांती, ऊब, आणि निघताना त्यांनीच वजनाप्रमाणे मोजून दिलेलं सूज उतरवणारं औषध. काही दिवसांत आपोआप बरं. आणि एक ताकीद: आपल्या डब्यातली अंगदुखीची गोळी अजिबात द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉलही यकृताला झेपत नाही. नवऱ्याच्या हातात तेव्हा पाकीट होतंच.

तर शेपटी भयानक दिसत होती आणि किरकोळ होती. पण एकदा पोटात गोळा आला की डॉक्टर हसले म्हणून तो जात नाही. त्या दिवशी आम्हा तिघांचे सहाही डोळे गोदावर होते.

अकरा वीस ते एक दहा

रात्री बर्फ पडला होता. सकाळी थांबला, पण आकाश भरलेलं. उत्तरेत हिवाळ्यात हा बर्फ आणतात ते पश्चिमी चक्रावात. एक गेला की दुसरा रांगेत. हाटूच्या शिखराकडे जाणारा रस्ता बर्फामुळे गाड्यांना बंद होता, म्हणून लोक पायी थोडं अंतर जात होते. डॉक्टरांनी विश्रांती म्हटलं होतं, आम्ही त्याचं ‘हळूहळू चालायचं’ असं भाषांतर केलं. लेकीचा ताज्या बर्फाचा पहिला दिवस होता, तिला घरात कोंडायचं जिवावर आलं. ही पहिली चूक, आणि ती जाणूनबुजून केलेली.

बाहेर तापमान शून्याच्या आसपास. आम्हाला ते बरं वाटलं. उणे आठ-दहापेक्षा शून्य चांगलंच की. इथे मैदानातल्या माणसाची फसगत होते. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, रव्यासारखा. अंगावरून झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा बर्फ चिकट, ओला. अंगाला लागला की पाणी होतो, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. कोरड्या उणे दहात कुत्र्याचं काय होतं यापेक्षा ओल्या शून्यात काय होतं हे बघायला हवं होतं.

आता लेकीची वही.

‘11:20 निघालो. बंड्या सगळ्यात पुढे. वेड्यासारखा गोल गोल पळतोय.’

‘12:05 बंड्या लंगडतोय. बोटांत बर्फाचे गोळे. बाबांनी काढले.’

ओला बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटून गोळे होतात आणि चालताना खड्यासारखे टोचतात. पंजाला चोपडायला मी खोबरेल तेल नेलं होतं. पुण्यात डिसेंबरातच थिजणारं तेल नारकंड्यात काय होणार! बाटलीत पांढरा दगड. व्हॅसलीनची डबी नेली असती तर काम झालं असतं. पण पंजे तसे शेवटचा प्रश्न. कुत्र्याच्या पंजात गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त आणणाऱ्या नळ्या एकमेकींना बिलगून असतात, त्यामुळे परत येणारं रक्त वाटेतच तापतं. म्हणून तो अनवाणी बर्फात उभा राहू शकतो. निसर्गाने पायांची सोय केली आहे. पाठीवर सुती हुडी येणार हे निसर्गाला माहीत नव्हतं.

‘12:30 बंद टपरी. गोदाला बसवलं.’

इथे आम्ही थांबलो. पत्र्याच्या टपरीच्या वळचणीला गोदाला सतरंजीवर बसवलं, थर्मासमधला चहा काढला, तिची शेपटी शालीत गुंडाळली. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, बर्फ आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी. बंड्याचा पट्टा लेकीने टपरीच्या खांबाला बांधला. खांब वळचणीच्या बाहेर होता.

पळत असताना त्याचे स्नायू उष्णता करत होते, म्हणून भिजलेलं अंगही गरम राहत होतं. थांबल्याबरोबर भट्टी बंद झाली आणि ओलं हुडी मात्र अंगाला चिकटून राहिलं. काही न घालता नेलं असतं तर निदान अंग झाडून पाणी उडवता आलं असतं. हुडी झाडता येत नाही.

‘12:40 बंड्या थरथरतोय. हुडीची टोपी घातली.’

‘12:55 बंड्या एकदम शांत बसलाय. गुड बॉय.’

हेच ते दोन शब्द. थरथर थांबली होती, आणि आम्ही तिघांनी मनात तेच म्हटलं: चला, रुळला. थरथर ही शरीराने स्वतःला तापवायची धडपड असते. कोरड्या, उबदार जागी ती थांबली तर ठीक. त्याच गारठ्यात, त्याच ओल्या कपड्यात थांबली, तर शरीराने धडपड सोडली आहे. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा कुत्रा शहाण्यासारखा बसला याचं आम्ही कौतुक केलं.

‘1:10 बंड्याला हाक मारली. आला नाही.’

नवरा पट्टा सोडायला गेला तेव्हा बंड्या उठला खरा, पण मागचे पाय काठीसारखे. दोन पावलं टाकून परत बसला. डोळे उघडे, पण नजर आमच्यावर ठरत नव्हती. हिरड्या फिकट. नवरा फक्त ‘‘अगं, हा गार पडलाय’’ म्हणाला आणि तिथेच ते हुडी फाडल्यासारखं काढलं. शालीने पुसून त्याला स्वतःच्या जॅकेटच्या आत, शर्टाला चिकटवून घेतलं, वरून चेन ओढली. 17 किलोचं जनावर पोटाशी धरून तो माणूस निसरड्या उतारावर पस्तीस मिनिटं चालला. गोदा पडलेली शेपटी घेऊन आमच्या पुढे व्यवस्थित चालत होती.

तंदूरजवळ

1:50 ला घरी पोचलो. वरच्या शिमल्याच्या भागात चुलीसारखी पत्र्याची शेगडी असते, धुराचं नळकांडं छपरातून बाहेर गेलेलं. काश्मीरकडे तिला बुखारी म्हणतात, इकडे तंदूर. नळकांडं असल्यामुळे खोलीत धूर कोंडत नाही. कोळशाची उघडी अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपणारी माणसं उत्तरेत दर हिवाळ्यात दगावतात; तिचा मोह कुणी करू नये.

अम्मांनी बंड्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ओल्या हुडीकडे. ‘‘इसको गीला क्यों पहना रखा था?’’ मला उत्तर देता आलं नाही.

ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर लेकीच्या हट्टाने आणलं होतं. कुत्र्याचं तापमान गुदद्वारातूनच घेतात, टोकाला व्हॅसलीन लावून. ते अम्मांकडे मिळालं. निरोगी कुत्र्याचं 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं. बंड्याचं 95.8 निघालं. 99 च्या खाली आलं म्हणजे गारठा बसला. 90 च्या खाली घरगुती उपायांचं काम नाही. तिथे सलाइन, देखरेख सगळं लागतं.

डॉक्टर पुन्हा फोनवर. या वेळी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं: आधी पूर्ण कोरडा करा, पण टॉवेलने टिपून, चोळून नाही. ऊब छातीला, पोटाला, काखांना द्या, पायांना नको. पाय आधी तापवले तर तिथल्या नळ्या सैल होतात आणि साचलेलं गार रक्त एकदम हृदयाकडे धावतं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळूनच, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. तंदूरपासून चार फूट लांब. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच कोमट पाण्यात थोडा गूळ, चमच्याने. तासाला एक-दोन अंशांनी चढलं तर उत्तम. घाई करायची नाही.

अम्मांना मोहरीचं तेल गरम करून पायांना चोळायचं होतं. वयाने मोठं माणूस, त्यांचं घर. नाही म्हणणं अवघड होतं. मी म्हटलं, ‘‘अम्माजी, डॉक्टर पैरों को मना कर रहे हैं, छाती को क्या करें?’’ त्या लगेच उठल्या आणि हिवाळ्यात जन्मलेल्या वासराला गुंडाळतात तसा आपला जाड लोकरी पट्टू आणून त्याच्या धडाभोवती घट्ट बांधला. ते अगदी बरोबर होतं. त्यांच्या हाताला जे माहीत होतं ते डॉक्टरांच्या सांगण्याशी एका जागी जुळत नव्हतं, बाकी सगळीकडे जुळत होतं.

खरा पेच वेगळाच होता. शिमला साठ किलोमीटर. वाटेत फागू-कुफरीचा पट्टा, जिथे ऊन उतरलं की डांबरावर काचेसारखा न दिसणारा थर जमतो आणि गाड्या आडव्या होतात. रस्ता बंद झाला तर वाहतूक बसंतपूरच्या लांबच्या वाटेने वळवतात. पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्याचा 1962 हा क्रमांक लावला. रस्त्याची स्थिती बघता कुणी किती वेळात पोचेल हे सांगता येईना, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. निघायचं तर तीनच्या आत, म्हणजे उजेडात पोचू. आणि नुकतीच ऊब लागलेल्या कुत्र्याला पुन्हा थंडीत काढून दोन-तीन तास गाडीत हलवणं हाही धोकाच.

नवऱ्याने रेघ आखली: तीनला पारा 97 च्या वर नसेल तर निघायचं, असेल तर थांबायचं. तोवर त्यावर कुणी बोलायचं नाही. गाडीचं तोंड फिरवून, काचेवरचा बर्फ काढून, सामान टाकून ठेवलं. मला त्या दिवसातला हा एकच निर्णय पूर्ण शहाणपणाचा वाटतो. आकडा आणि वेळ आधी ठरली होती, त्यामुळे तीन वाजता भीतीला मत नव्हतं.

2:25 ला बंड्या थरथरायला लागला. लेक घाबरली, डॉक्टर म्हणाले, ‘‘अरे वा!’’ धडपड परत सुरू झाली होती. तीन वाजता 97.3. थांबलो. 4:15 ला 99.1, आणि त्याने गुळाचं पाणी स्वतः चाटलं. 5:30 ला 100.7, आणि अम्मांच्या ताटलीतल्या मक्याच्या भाकरीकडे बघून शेपटी दोनदा आपटली. घरात त्या संध्याकाळी चालू स्थितीतली ती एकमेव शेपटी.

पाठीवरचा बर्फ

रात्री तंदूरपाशी बसून आम्ही दिवस उलटा वाचला. पहिला प्रश्न नवऱ्याचा: आणायलाच नको होतं का? तो ‘हो’च्या बाजूला होता. मी नव्हते, अजूनही नाही. बोर्डिंगमध्ये गोदा जेवण सोडते, हा एक भाग झाला. पण आणणं ही चूक नव्हती. कोण नाजूक हे घरी बसून ठरवून आणणं ही चूक होती. वय बघितलं, केस नाही बघितले. आणि ‘गावठी काटक असतो’ हे अर्धंच खरं. तो जिथला आहे तिथे काटक असतो. पुण्याच्या मे महिन्यात गोदा फरशीवर पालथी पडते तेव्हा बंड्या गच्चीत झोपतो, हे आम्ही चार वर्षं बघत होतो.

दुसरं, म्हातारीच्या शेपटीने आमचं लक्ष खाल्लं. ती कण्हत होती, वाकडी दिसत होती. गारठा कण्हत नाही. तो जनावराला गप्प करतो, आणि गप्प जनावराची तक्रार कोण करणार?

तिसरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, आणि ती मी कुठल्याही थर्मामीटरच्या आधी ठेवीन. रात्री पुन्हा बर्फ पडला होता. उजाडताच अम्मांनी त्यांच्या काळ्याला गोठ्यातून सोडलं, तर तो अंगणात वेटोळं करून पडला, नाक शेपटीत. भुरभुर चालूच होती. अर्ध्या तासाने त्याच्या पाठीवर बोटभर बर्फ साठला होता, पांढरा, तसाच्या तसा. वितळत नव्हता. आतली ऊब बाहेर येतच नव्हती. मी मोबाइल काढून आदल्या दिवशीचा टपरीजवळचा फोटो उघडला. त्यात बंड्या खांबाशी बसलेला, आणि त्याच्या पाठीवर एक कणही बर्फ नाही. नुसतं काळपट, ओलं हुडी. पडेल तो बर्फ त्याच्या अंगाच्या उबेवर वितळत होता. आम्हाला तो फोटो काढताना स्वच्छ वाटला होता.

उरलेले दिवस वेगळे गेले. बंड्या एका वेळी पंधरा मिनिटं बाहेर, पळता पळताच. थांबलो की घरात. आत आला की पोट आणि काखा हाताने चाचपायच्या, कारण ओल तिथे लपते. गोदा सतरंजीवर, खिडकीजवळ, हीटरपासून लांब. एकदा अंगणात एका पाहुण्याच्या गाडीखाली हिरवट डाग दिसला आणि ती तिकडे नाक घेऊन निघाली तेव्हा मात्र मी धावले. गाडीचं कूलंट गोडसर लागतं आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी करतं. त्यावर माती टाकली आणि गाडीवाल्याला सांगितलं.

आणि गोदाचं ते महागाचं जॅकेट? तिने ते तसंही पहिल्याच दिवशी धापा टाकून नाकारलं होतं. नारकंड्याच्या बाजारात एक शिंपी आहेत, दुकानात कोट उसवायचं काम चाललेलं. त्यांच्यापुढे जॅकेट आणि बंड्या दोन्ही ठेवले. त्यांनी माप घेतलं नाही, नुसतं बंड्याला उचलून वजन अजमावलं, पोटाकडून पाच बोटं आत घेतलं, छातीला एक पट्टी जोडली आणि पैसे घ्यायला नको म्हणाले. लेकीने बळेच ठेवले.

परतीच्या वाटेवर ठियोगच्या खाली उतरताना नेहमीचा वाद: गोदा खिडकीला, बंड्या घोंगडीत. या वेळी मागच्या काचेतली एकच फट गोदाच्या बाजूने उघडी ठेवली आणि बंड्याला जॅकेट घालून पुढे माझ्या पायाशी घेतलं. गोदाची शेपटी जयपूरला अर्धी उचलली गेली. बिजासनच्या घाटात टोलजवळ चहाला थांबलो, टपरीवाल्याने पार्लेचा पुडा फोडला, आणि त्या आवाजावर ती पूर्ण हलली.